गुप्त तक्रारदाराचा जाहीर सत्कार

पौडच्या उपकार्यालयात एक तक्रारपेटी होती. पत्र्याची, हिरव्या रंगाची. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाईल' असे लिहिलेले होते. पेटी ओव्हरसियरच्या खिडकीखाली टांगली होती आणि खिडकीत ओव्हरसियर बसत. पेटीत कोणी काही टाकायला गेले की त्याची सावली त्यांच्या टेबलावर पडे. पेटीला कुलूप होते. किल्ली हरवू नये म्हणून ती सुतळीने पेटीच्याच कडीला बांधून ठेवलेली होती.

कार्यालय गावोगाव नळाचे पाणी पोचवणाऱ्या एका सरकारी मंडळाचे होते. काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाला मुळशी तालुक्यातून बातम्या पाठवत असे. तालुक्यातून जाणाऱ्या बातम्यांत भातपीक असे, बंद पडलेली एसटी असे, आणि उरलेले सगळे सत्कार असत. सत्काराच्या बातमीला एकच नियम होता: सत्कारमूर्तीचे नाव बरोबर हवे. पुढची घटना मी पाठवली तेव्हा ती या एका नियमावर अडली आणि छापली गेली नाही. म्हणून ती आता लिहितो. ज्याच्याविषयी ती आहे तो माणूस आता हयात नाही. त्याच्या थोरल्या मुलीला विचारले. ती म्हणाली, लिहा, पण नाव नको. त्याने आयुष्यभर एवढे सांभाळले, ते आपण कशाला मोडायचे.

गाव नांद्याच्या बाजूचे होते. आज तिकडे उंच इमारती आहेत. तेव्हा भातखाचरे होती. मंडळाने गावाला नळयोजना दिली होती. नदीकाठी पंपघर, टेकडीवर टाकी, आणि गावात जागोजाग सार्वजनिक नळ. पंप सकाळी चालू होई आणि बऱ्याच वेळाने बंद होई, पण टाकी कधी अर्ध्याच्या वर भरत नसे. पंपघर ते टाकी या वाटेवर एक वीटभट्टी होती. भट्टीशेजारच्या खड्ड्यात उन्हाळ्यातही म्हशी डुंबत. मुख्य नळाला तिथे एक जोड दिलेला होता आणि वर शेणाच्या गोवऱ्या रचलेल्या होत्या. गावात ही गोष्ट गुपित नव्हती. ती फक्त लेखी नव्हती.

भट्टी अध्यक्षांची होती. त्यांना अध्यक्ष म्हणत, कारण पाणी समिती, शाळा समिती, भजनी मंडळ आणि कुस्त्यांचा आखाडा या सगळ्यांचे अध्यक्ष तेच होते. माणूस वाईट नव्हता. शाळेची मागची भिंत पडली तेव्हा त्यांनी विटा फुकट दिल्या होत्या, आणि त्या विटा गावाच्याच पाण्यात भिजवलेल्या असल्याने एका अर्थी हिशेब जुळतही होता. त्यांना एकच व्यसन होते, सत्काराचे. तालुक्यात कुठेही शाल निघाली की ती फिरून त्यांच्या खांद्यावर येई. त्यांच्या घराच्या खिडक्यांना पडदे म्हणून शाली होत्या. पोळ्याला त्यांच्या बैलांच्या पाठीवर झूल असे तीही शालींचीच.

पंप चालवणारा माणूस पौडचा. बाजारपेठेतल्या मुसलमान कुटुंबातला. थोरल्या भावाचे सायकलींचे दुकान होते, आणि हा त्याच दुकानातली एक सायकल घेऊन रोज येई. गाव त्याला भाई म्हणे. तो मंडळाकडे रोजंदारीवर होता. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव पुण्याला गेला होता आणि अशा प्रस्तावावर शेवटचा शेरा ओव्हरसियरचा लागे. भट्टीचा जोड ओव्हरसियरच्या तोंडी परवानगीने दिलेला होता, हे भाईला माहीत होते. जोड देताना पाना त्यानेच धरला होता.

तरीही त्याने तक्रार केली. कारण तत्त्वाचे नव्हते. कारण पहिल्या नळावरची म्हातारी होती.

टाकी अर्धी राहिली की उंचावरचा पहिला नळ आधी कोरडा पडे. म्हातारी पहाटे कळशी लावून बसे. नळ फुसफुसला की ती पंपघरापर्यंत चालत जाई आणि दारात उभी राहून बोले.

"मोटर चालवतोस का मोटरीला टेकून झोपतोस रं? तुजा बाप मला बांगड्या भरायचा. घरी जाईस्तोवर एक टिचली तर दुसऱ्या बाजाराला फुकट द्यायचा. त्याच्या पोटी तू कसा निपाजलास, मेल्या?"

भाईने मला हे पौडच्या हॉटेलात चहा पिताना सांगितले. तो म्हणाला, "पगार कमी हाय, ते चालंल. पन रोज सकाळी बापाला कबरीतनं उठवून माज्यापायी खाली मान घालायला लावतीया ती. ते न्हाई चालत."

त्याने तक्रार लिहून थेट मुंबईला, मंडळाच्या मुख्य कार्यालयात पाठवली होती. सही केली नव्हती. पाकिटावर पौडचा शिक्का बसू नये म्हणून सायकल मारत पुण्याला जाऊन तिथल्या पोस्टात टाकली होती. हे सगळे मला का सांगतोस, असे मी विचारले.

"तुमी समदं लिहून घेता आनि काय छापत न्हाई," तो म्हणाला. "तुमच्याइतकी सुरक्षित जागा तालुक्यात दुसरी न्हाई."

मध्ये पावसाळा गेला, हिवाळा गेला. मग मुंबईहून पत्र आले की मुख्य कार्यालयातून एक तपासणी अधिकारी येत आहेत. त्यांचे काम तक्रारी तपासण्याचे नव्हते. तक्रार करणाऱ्यांची सोय नियमाप्रमाणे आहे की नाही, हे तपासण्याचे होते. शासनाने परिपत्रक काढले होते, मंडळाने ते खाली पाठवले होते, आणि खाली ते पाळले जाते का हे आता पाहायचे होते. सोबत प्रश्नावली होती. पेटी आहे काय? आहे. कुलूप आहे काय? आहे. किल्ली सुरक्षित ठिकाणी आहे काय? हेडक्लार्कने खिडकीतून सुतळीकडे पाहिले आणि आहे असे लिहिले.

या हेडक्लार्कला सगळे भाऊसाहेब म्हणत. रकाना रिकामा दिसला की त्यांना अन्न गोड लागत नसे. ते एका प्रश्नाशी अडले: तक्रारदारास त्रास होऊ नये म्हणून कोणती कार्यवाही केली? प्रश्नाखाली मुंबईला पोचलेल्या निनावी तक्रारीचा उल्लेख होता. तक्रारीत गावाचे नाव आणि भट्टीचा जोड होता. भट्टी कोणाची आणि परवानगी कोणाची, हे लिहिलेले नव्हते.

भाऊसाहेबांनी मला त्यांची अडचण समजावून सांगितली. "त्रास दिला नाही, हे कागदावर दाखवता येत नाही हो. जे केलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? काहीतरी केलेलं दाखवायला पाहिजे."

"मग काय करणार?"

"सत्कार," भाऊसाहेब म्हणाले. "शाल, श्रीफळ, फेटा. फोटोसकट. एकदा माणसाला शाल घातली की त्याला त्रास दिला असं कोण म्हणेल?"

"कोणाचा सत्कार?"

"तक्रारदाराचा."

"त्याचं नाव गुप्त आहे ना?"

"नाव आम्ही कुठे घेतोय? सत्कारमूर्तींनी पुढे यावं, एवढंच म्हणायचं. जो येईल तो."

ओव्हरसियरना ही कल्पना फार आवडली, पण वेगळ्या कारणाने. जो येईल तो कोण, हे त्यांना पाहायचे होते.

ही बातमी भाईपर्यंत पोचली ती अशी की कार्यक्रमात शाल-नारळाचे ताट धरायचे काम त्यालाच देण्यात आले. मंडळाचा गावातला सर्वात खालचा माणूस तोच होता. ताट कसे धरायचे ते समजावताना भाऊसाहेबांनी त्याला कार्यपद्धतीही सांगितली. कोणी पुढे आले तर उत्तम. कोणीच आले नाही तर तक्रारीला माणूस नाही असे ठरते आणि निनावी तक्रार दप्तरी दाखल होते. दप्तरी दाखल म्हणजे काय ते भाईला माहीत होते. त्याचा स्वतःचा कायम होण्याचा पहिला अर्ज तिथेच होता.

तो पुन्हा हॉटेलात आला. चहा त्याने बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"म्होरं गेलो तर नोकरी जाती. न्हाई गेलो तर तक्रार जाती, आनि म्हातारी ऱ्हाती. काय करू?"

बातमीदाराने सल्ला देऊ नये, असे मला शिकवलेले होते. मी तसे सांगितले.

"तुमी पेपरवाले लई थंड," तो म्हणाला. चहाही तोवर थंड झाला होता. तो त्याने एका घोटात संपवला.

अधिकारी आल्या त्या एसटीने. पन्नाशीच्या बाई होत्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत घरून आणलेल्या पाण्याची बाटली. पाणीपुरवठा मंडळात नोकरी लागल्यापासून बाहेरचे पाणी पीत नाही, एवढे एकच वैयक्तिक वाक्य त्या दिवसभरात बोलल्या. त्यांनी आधी तक्रारपेटी उघडायला सांगितली. ओव्हरसियर किल्ली शोधत आत गेले. बाईंनी सुतळी पाहिली, स्वतः कुलूप उघडले. आत लग्नपत्रिका निघाल्या, एसटीची तिकिटे निघाली, विड्याच्या पानांचे देठ निघाले. तळाशी एक भिजून वाळलेला कागद होता. पेटीत पावसाचे पाणी शिरते, अशी त्यात तक्रार होती. खालचे नाव पाण्याने पुसून गेले होते.

"बघा बाईसाहेब," भाऊसाहेब म्हणाले, "नाव गुप्त राहिलं."

बाईंनी ते लिहून घेतले. मग त्यांना दुपारच्या कार्यक्रमाची माहिती देण्यात आली. त्यांनी चष्मा काढला.

"ज्याचं नाव कुणाला कळू नये, त्याला तुम्ही गावासमोर बोलावणार?"

"कळलं तरी गावाबाहेर जाणार नाही," भाऊसाहेबांनी खात्री दिली.

"हे परिपत्रकात बसत नाही."

"मग थांबवू का?"

बाईंनी बराच विचार केला. "थांबवण्याचा अधिकार मला नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त नोंद करू शकते." आणि त्यांनी चष्मा परत लावला.

भैरवनाथाच्या देवळासमोर मांडव घातला होता. एप्रिलचे ऊन. माईकवाला आला होता, फोटोवाला आला होता, हलगीवाले आले होते. टेबलावर शाळेतली निळी चादर होती आणि टेबलामागे खुर्च्या. मधली खुर्ची सत्कारमूर्तीची. फेटा बांधणाऱ्याला आधीच बोलावून ठेवले होते, पण डोके ठरलेले नव्हते. त्याला पुढे आणखी एक लग्न होते. शेवटी त्याने फेटा एका पितळी कळशीवर बांधला आणि ती कळशी मधल्या खुर्चीवर ठेवून तो निघून गेला. कळशी म्हातारीची होती. नळ कोरडा होता, म्हणून तिने ती दिली होती. मात्र कार्यक्रम संपेपर्यंत तिने कळशीवरची नजर हटवली नाही. केशरी फेटा बांधलेली ती कळशी ओव्हरसियर आणि अध्यक्ष यांच्या मध्ये बसलेली होती, आणि व्यासपीठावरच्या सगळ्यांत ती सर्वात शांत दिसत होती.

भाई ताट धरून बाजूला उभा होता. ताटात शाल, नारळ, हार. नारळ ताटात हलत होता आणि त्याचा बारीक आवाज पहिल्या रांगेपर्यंत येत होता.

आधी पाहुण्यांचे स्वागत झाले. मग भाऊसाहेबांनी माईक हातात घेतला. परिपत्रकातले दोन परिच्छेद त्यांनी वाचून दाखवले आणि म्हणाले, "ज्या जागरूक नागरिकाने निर्भयपणे आपलं नाव न सांगता तक्रार केली, त्यांनी आता पुढे यावं."

कोणी उठले नाही. ओव्हरसियर पुढे वाकून एकेका रांगेवर नजर फिरवत होते. ज्या रांगेवर नजर जाई ती रांग जमिनीकडे पाही. हलगीवाल्याने पुढे येणाऱ्यासाठी काठी उचललेली होती. त्याने ती पुन्हा मांडीवर ठेवली.

"सत्कारमूर्तींनी लाजू नये," भाऊसाहेब म्हणाले.

नारळाचा आवाज वाढला. मी भाईकडे पाहत होतो. त्याने एक पाय पुढे टाकला. नंतर त्याने मला सांगितले की तो पाय त्याने टाकला नव्हता, आपोआप गेला होता. मागून म्हातारी बघत होती आणि तिच्याबरोबर बापही बघत असल्यासारखे वाटले. ओव्हरसियरची नजर त्याच्याकडे वळू लागली होती.

त्याच वेळी अध्यक्ष उठले.

ते बराच वेळ अस्वस्थ होते. हार सुकत होता. फोटोवाला घड्याळ बघत होता. मुंबईच्या पाहुण्यांसमोर गावात निघालेली शाल खांद्याविना परत जाणार, हे त्यांना सहन होणारे नव्हते. आपल्याकडे सत्कारमूर्ती गैरहजर असला तर त्याच्या वतीने दुसरा कोणी शाल स्वीकारतो, ही जुनी पद्धत आहे. अध्यक्षांनी ती आजवर अनेकदा निभावली होती. लढाईवर असलेल्या जवानाच्या वतीने निभावली होती, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या शिक्षिकेच्या वतीनेही निभावली होती.

"तो मानूस आज हितं न्हाई असं दिसतंया," ते म्हणाले. "त्याच्या वतीनं मी स्वीकारतो."

आणि त्यांनी सवयीने मान वाकवली.

हलगी वाजली. भाऊसाहेबांनी शाल घातली. ओव्हरसियर काहीतरी बोलले, पण हलगीत ऐकू आले नाही. फेटा कळशीवरून काढून अध्यक्षांच्या डोक्यावर ठेवला. तो कळशीच्या मापाचा असल्याने भुवयांपर्यंत आला. भाईचा पाय मागे गेला. नारळ थांबला.

बाई उठल्या. शाल मंडळाच्या सादिल, म्हणजे किरकोळ खर्चातून घेतलेली होती, त्यामुळे ती कोणाला दिली याची पोच लागणार होती. पोचपावतीचा मसुदा भाऊसाहेबांनीच तयार केला होता: 'तक्रारदार अथवा त्यांचे अधिकृत प्रतिनिधी यांची सही.' रकाना रिकामा राहू नये म्हणून 'अथवा' पुढचे शब्द त्यांनी घातले होते.

"आपण प्रतिनिधी म्हणून सही करता?" बाईंनी विचारले.

"आनंदानं," अध्यक्ष म्हणाले आणि फेटा वर सारून लांबलचक सही केली.

भाऊसाहेबांच्या ते तेव्हा लक्षात आले. त्यांनी ओव्हरसियरकडे पाहिले. ओव्हरसियरच्या ते आधीच लक्षात आले होते. तक्रार आता निनावी राहिली नव्हती.

इथे थांबले असते तरी कदाचित निभावले असते. पण सत्कारानंतर सत्काराला उत्तर असते, आणि माईक अध्यक्षांच्या हातात होता.

"तो मानूस कोन हाय ते मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "पन त्याची छाती केवढी हाय ते मला ठावं हाय. आरं, गावाच्या आयाबहिनींच्या घागरी रिकाम्या ठेवून जो पानी चोरतो, तो मानूस म्हनायचा का? त्याला या गावात जागा न्हाई."

टाळ्या पडल्या. इतक्या मनापासून त्या गावात टाळ्या पडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. अध्यक्षांचा आवाज चढला. टाळीने चढणारा आवाज होता तो.

"पायप कुटं वळलाय ते बी सांग की, आबा," मागून म्हातारी म्हणाली. समोरासमोर गाव त्यांना आबा म्हणे.

"सांगतो की. दाखवतो बी."

समोरून प्रश्न आला की उत्तर एक पायरी वर चढवून द्यायचे, ही त्यांची भाषणाची पद्धत होती. 'दाखवतो बी' हे तोंडातून गेल्यावर ते थांबले. माईकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

बाईंनी पेनाला टोपण लावले, पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाल्या, "चला."

मग जे झाले ते मिरवणुकीसारखे दिसत होते. हलगीवाल्यांची सुपारी संध्याकाळपर्यंतची होती, म्हणून ते पुढे. मागे फेटा, शाल आणि हार घातलेले अध्यक्ष, त्यांच्या शेजारी बाई, मग ओव्हरसियर, आणि त्यांच्या मागे सगळा गाव. नळाच्या वाटेने टेकडीकडे. अध्यक्षांची चाल सुरुवातीला जड होती. पुढे ती हळूहळू मोकळी होत गेली. वाटेत त्यांनी काय विचार केला ते त्यांनाच माहीत, पण भट्टीपाशी पोचेपर्यंत तो पूर्ण झालेला होता.

गोवऱ्यांच्या ढिगासमोर ते उभे राहिले. हलगी थांबली. खड्ड्यातल्या म्हशींनी माना वळवून एवढ्या लोकांकडे पाहिले.

"हितं," अध्यक्ष म्हणाले आणि पायाने दोन गोवऱ्या बाजूला सारल्या. जोड दिसला. तो ठिबकत होता.

"ही भट्टी कोणाची?" बाईंनी विचारले.

"माजीच हाय. म्हनून तर मला दिसलं," अध्यक्ष म्हणाले. "मी भट्टीवाला सवता सांगतुया, हे पानी भट्टीला जायला नगं हुतं. भट्टीवर रोज येनारा मी, मलाच वाईट वाटतंया." मग ते मागे वळले. "ओव्हरसियरसाहेब, मंडळाच्या नळाला मंडळाच्या मानसांबिगर जोड कसा लागतो? तुमीच सांगा बाईंना. मी आपला प्रतिनिधी."

बाई लिहीत होत्या. गर्दीत कोणीतरी हसले आणि मग खोकल्यासारखे केले.

भाई गर्दीच्या कडेला ताट छातीशी धरून उभा होता. म्हातारी त्याच्या शेजारी आली. तिने जोड पाहिला, त्याच्याकडे पाहिले.

"म्हंजी तू झोपत न्हवतास," ती म्हणाली.

"न्हाई, आजी."

"मग बोलला का न्हाईस इतके दिस, मेल्या?"



त्या संध्याकाळी मी बातमी पाठवली. रात्रपाळीच्या उपसंपादकाने ती बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी निरोप दिला की सत्कारमूर्तीचे नाव राहून गेले आहे. नाव गुप्त आहे, असे मी कळवले. नाव नसलेला सत्कार छापता येत नाही, असे उत्तर आले.

जोड आठवड्याच्या आत निघाला. तो काढायला अध्यक्षांनी स्वतःची माणसे दिली आणि त्याबद्दल भजनी मंडळाने त्यांचा सत्कार केला. मंडळाचे अध्यक्ष तेच असल्याने प्रास्ताविकही त्यांनीच केले. ओव्हरसियरची बदली झाली. अध्यक्षांवर काही कारवाई झाली नाही. चौकशीत त्यांचा संबंध निघाला होता असे म्हणतात, पण तक्रारदारास अथवा त्याच्या प्रतिनिधीस कोणताही त्रास होता कामा नये, असे परिपत्रकात स्पष्ट होते, आणि परिपत्रक पाळले जाते की नाही हे पाहायला बाई होत्या. तपासणी अहवालात पौड उपकार्यालयाला त्या रकान्यासाठी चांगला शेरा मिळाला. भाऊसाहेबांनी तो काचेखाली ठेवला. पेटी खिडकीखालून हलवून दाराशी टांगण्यात आली. किल्ली तिथेच राहिली.

टाकी भरू लागली. पहिल्या नळाला पाणी आले. भाईचा प्रस्ताव मात्र नव्या ओव्हरसियरकडे गेला, आणि नवा माणूस कसा आहे हे कोणालाच माहीत नव्हते.

अशात एके दिवशी अध्यक्ष पंपघरावर आले. मी तिथे नव्हतो. हे भाईने सांगितले. काखेत घडी केलेली शाल होती. ते दारातल्या दगडावर बसले, मोटरीचा आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "भाई, एक काम राहिलंय. ही मी ज्याच्या वतीनं घेतली त्याला पोचती कराय पायजे. दुसऱ्याची शाल घरात ठेवू ने. आजवर मी कुनाची ठेवली न्हाई."

हे खरे होते. जवानाची शाल त्यांनी त्याच्या आईला नेऊन दिली होती. शिक्षिकेची तिच्या माहेरी पाठवली होती. पडद्यांना लावलेल्या सगळ्या त्यांच्या स्वतःच्या होत्या.

"मग द्या की," भाई म्हणाला.

"कुनाला?"

भाईने मोटरीकडे पाहिले. "मला काय ठावं, आबा."

"तुज्याकडं समद्यांचं येनंजानं असतंय. कोन भेटला तर दे."

"ठेवा तितं खुंटीला. भेटला तर देतो."

अध्यक्षांनी शाल खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "जोड देताना पाना कुनी धरला हुता, ते मी बी इसारलोय." आणि गेले.

शाल खुंटीलाच राहिली. भाईने तिला हात लावला नाही. पावसात पंपघराचे छप्पर गळू लागले, तेव्हा त्याने भांडे शालीखाली ठेवले, पण शाल हलवली नाही. येणारे-जाणारे विचारत, ही कोणाची? तो सांगे, एका माणसाची आहे, यायचा आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा कायम झाल्याचा हुकूम आला. नव्या ओव्हरसियरने शेरा चांगला दिला होता. तो कुणाच्या सांगण्यावरून, हे मला कळले नाही आणि भाईने शोधले नाही. हुकूम आला त्या दिवशी मी योगायोगाने त्याच वाटेने येत होतो. मे महिन्याची दुपार होती. रस्त्यावरचे डांबर पायाला चिकटत होते. पंपघराच्या दारातल्या दगडावर भाई बसला होता, अंगाभोवती शाल लपेटून. कपाळावरून घाम गळत होता आणि तो पुसत नव्हता.

नळावरून परतणाऱ्या बायका थांबत होत्या.

"भाई, ताप आलाय का?"

"व्हय," तो म्हणाला. "जरा कनकन हाय."

अध्यक्षांची जीप आली. पंपघरासमोर ती हळू झाली. अध्यक्षांनी शालीकडे पाहिले, मग समोर पाहिले, आणि जीप पुढे गेली.

म्हातारीने लांबूनच त्याला पाहिले होते. तिने डोक्यावरची भरलेली कळशी खाली उतरवली, घरी गेली आणि तांब्यात गवती चहा, आले आणि मिरीचा काढा घेऊन परत आली. काढा उकळता होता.

"पी," ती म्हणाली. "समदा. तुजा बाप आजारी असला तरी सांगायचा न्हाई, तसलाच तू."

भाईने माझ्याकडे पाहिले. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखे केले. त्याने शाल आणखी घट्ट ओढून घेतली आणि त्या उन्हात तो तांबा तळापर्यंत प्यायला.